लेन्सचं आडनाव

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे माणूस लॅपटॉप मिटून निघायच्या बेतात असताना, टीममधला एक पोरगा माझ्या डेस्कपाशी येऊन उभा राहिला. हातात कॅमेरा. डिजिटल नव्हे, रोलवाला. निकॉन एफएम१०. काकाच्या कपाटात कित्येक वर्षं पडून होता, काकाने घर आवरताना देऊन टाकला. पोरगा पुढच्या महिन्यात घरच्यांबरोबर मोरगावला जाणार आहे. आजीला अष्टविनायक करायचे आहेत आणि ते मोरगावपासूनच सुरू करायची रीत आहे. मोरगावजवळ सुप्याला माळावर चिंकारा दिसतात, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. त्यामुळे झूम लेन्स हवी, आणि बजेट बेताचं. प्रश्न अगदी साधा होता, "दादा, थर्ड पार्टी घेतली तर चालेल का?"

मी तोंड उघडायच्या आत पलीकडून उत्तर आलं, "घ्यायची तर ओरिजिनल घे रे, नाहीतर घेऊच नको. थर्ड पार्टी म्हणजे थर्ड क्लास."

झालं. माझा शनिवार सकाळचा विषय ठरला.

हे वाक्य मी वीसेक वर्षं ऐकतो आहे. कॅमेऱ्याच्या दुकानात, फोटोग्राफीच्या शिबिरात, ट्रेकला, लग्नात. बोलणारा दर वेळी वेगळा, पण ठसका तोच. आपल्याकडे नवा माणूस भेटला की नाव सांगून भागत नाही, "पूर्ण नाव काय?" असं विचारतात. का विचारतात ते आपल्याला चांगलं माहीत असतं. लेन्सच्या बाबतीतही तेच चाललंय. काच कशी आहे, उजेड किती घेते, कडा किती स्वच्छ देते, याची चौकशी नाही. आधी आडनाव सांगा.

बरं, आडनावच विचारायचं तर पूर्ण वंशावळ काढूया. पोराच्या हातातला एफएम१० बघा. वर ठळक अक्षरात निकॉन लिहिलंय. तो बनवला कोसिनाने. कोसिना ही जपानी कंपनी दुसऱ्यांसाठी कॅमेरे आणि लेन्स बनवून द्यायची. त्याच्याबरोबर मिळणारी ३५-७० ची निकॉन झूमसुद्धा कोसिनाचीच. कॅननचा टी६० कोसिनाने बनवला, ऑलिम्पसचा ओएम-२००० सुद्धा. पुढे झाइस या जर्मन नावाच्या ज्या मॅन्युअल लेन्स निकॉनच्या कॅमेऱ्यांसाठी आल्या, त्याही जपानमध्ये कोसिनाकडेच तयार व्हायच्या. म्हणजे "ओरिजिनलच घे" असं ज्या कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं जात होतं, तो कॅमेराच थर्ड पार्टी होता. सांगणाऱ्याला ठाऊक नव्हतं, एवढंच.

उलट बाजूने बघा. जुन्या बाजारात व्हिव्हिटार नावाच्या लेन्स भरपूर मिळतात. व्हिव्हिटार ही अमेरिकन कंपनी. ती स्वतः लेन्स बनवतच नव्हती, जपानी कारखान्यांकडून बनवून घ्यायची. कोणी बनवली ते सीरियल नंबरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून कळतं. २२ असेल तर किनो (हेच लोक किरॉन नावानेही लेन्स विकायचे), २८ म्हणजे कोमिने, ३७ म्हणजे टोकिना, आणि ९ ने सुरुवात असेल तर पुन्हा आपला कोसिना. एकच नाव, चार घरं. त्यात अप्रतिम लेन्स आहेत आणि टाकाऊही आहेत. तात्पर्य, लेन्सच्या पुढच्या रिंगवरचं नाव काचेबद्दल फारच थोडं सांगतं.

आणि थर्ड पार्टी म्हणजे डुप्लिकेट नव्हे. टॅमरॉन, सिग्मा, टोकिना स्वतः डिझाइन करतात, स्वतः काच घासतात, स्वतःच्या नावाने विकतात. टॅमरॉनने १९७९ साली ॲडॅप्टॉल-२ ही पद्धत आणली. लेन्स एकच, मागचा माउंट मात्र बदलता येतो. आज निकॉन, उद्या पेंटॅक्स, परवा कॅनन. कॅमेरा बदलला तरी लेन्स तुमचीच. हे कॅमेरा कंपन्यांनी कधी केलं नाही, का करतील? आपल्या भाषेत सांगायचं तर सगळं प्लॅटफॉर्म-अवलंबी कोड एका पातळ थरात बाजूला काढून ठेवलं. आपल्यापैकी कितीजणांना आपल्या प्रोजेक्टमध्ये हे जमलंय?

आता जरा बोचरं बोलतो. हिंजवडीत बसून "थर्ड पार्टी म्हणजे थर्ड क्लास" म्हणणाऱ्या मंडळींनो, आपण कोण आहोत? कुठल्यातरी परदेशी बँकेचा व्यवहार रात्री अडीच वाजता आपल्या कोडवर चालतो आणि ग्राहकाला स्क्रीनवर नाव दिसतं बँकेचं. आपण जन्मभर दुसऱ्याच्या नावाखाली उत्तम काम करून जेवतो. कोसिना ही आपली जातभाई आहे, राव! तिला हिणवताना जीभ जरा तरी अडखळावी.

असो. आडनावाचा मुद्दा संपला. पण खरं भांडण याच्या पुढे आहे.

"थर्ड पार्टी घ्या" एवढं सांगून मी गप्प बसलो, तर पोरगा काय करेल? तो जाऊन सगळ्यात स्वस्त ७०-३०० उचलेल. कारण आडनावाचं भूत उतरलं की माणसाच्या मानेवर दुसरं भूत बसतं, आकड्याचं. तीनशे! दोनशेपेक्षा शंभर जास्त, आणि तेही कमी पैशांत. मी हेच केलं होतं. २००४ साली, नोकरीच्या चौथ्या की पाचव्या पगारातून. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. ७०-३००, एफ/४-५.६. बोनेटवर ठेवून सगळ्या मित्रांना दाखवली. दिवेघाट चढून सासवड, जेजुरी, मोरगाव. मोरेश्वराचं दर्शन, बाहेरच्या त्या मोठ्या नंदीचे दोन फोटो (गणपतीसमोर नंदी, हे दर वेळी बघताना गंमत वाटते), कोपऱ्यांवरच्या मिनारांचे चार. आणि मग सुपं.

सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं. क्षेत्र ५.१४ चौरस किलोमीटर, म्हणजे अभयारण्यांच्या मानाने एवढंसं. बोरीबाभळीची झुडपं, मधे गवताळ माळ. चिंकारा, खोकड, नशीब असेल तर लांडगा. हिवाळ्यात भोवत्या पक्षी गवतावरून संथ घिरट्या घालतात. त्या दिवशी चिंकारा दिसले, चार. मी छत्तीसच्या छत्तीस फ्रेम उडवल्या. रोल धुऊन आला तेव्हा नंदी सुरेख, मिनार सुरेख, आणि पुढच्या तीस फ्रेममध्ये तपकिरी रंगाचे हललेले डाग.

का? हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, म्हणून आज सविस्तर सांगतो. पेन्सिल घ्या.

चिंकारा खांद्यापाशी साधारण ६५ सेंटिमीटर उंच. शंभर मीटरवर उभा आहे असं धरा. २०० मिलिमीटरची लेन्स फिल्मवर त्याची प्रतिमा पाडेल १.३ मिलिमीटरची. ३०० ची लेन्स पाडेल जवळपास २ मिलिमीटरची. फिल्मच्या फ्रेमची उंची आहे २४ मिलिमीटर. या फ्रेमचा नेहमीचा चार बाय सहाचा प्रिंट काढलात, तर एकात चिंकारा मसुराएवढा दिसेल आणि दुसऱ्यात हरभऱ्याएवढा. बस्स. ज्या शंभर मिलिमीटरसाठी आपण जीव टाकतो, त्यांची कमाई ही इतकी. ३०० ची लेन्स लावून त्याने निम्मी फ्रेम भरायची असेल, तर तो सोळा मीटरवर यायला हवा. मोकळ्या माळावरचा चिंकारा सोळा मीटरपर्यंत येऊ देत नाही. येऊ दिलाच, तर समजा काहीतरी बिघडलंय.

आता या कमाईची किंमत बघा. हात हलून फोटो बिघडू नये म्हणून जुना ठोकताळा असा, की जितके मिलिमीटर तितक्यांश सेकंद. २०० ला १/२५० पुरतो. ३०० ला मॅन्युअल कॅमेऱ्यावर १/२५० च्या पुढचा आकडा म्हणजे थेट १/५०० लागतो. समजा सूर्य नुकताच वर आलाय, ४०० चा रोल घातलाय आणि मीटर म्हणतोय एफ/३.५ ला १/२५०. म्हणजे एफ/३.५ वाली २०० ची लेन्स बरोबर काठावर पास. तिथेच एफ/५.६ वाल्या ३०० च्या लेन्सला मिळतो १/१००, आणि हवाय १/५००. पाचपट उजेड कमी. पाचपट! डिजिटलवाला म्हणेल, आयएसओ वाढव. अरे बाबा, रोल आत आहे. छत्तीस फ्रेम संपेपर्यंत तो ४०० चाच राहणार. (आख्खा रोल ८०० समजून काढून लॅबला तसं धुवायला सांगता येतं, पण मग मिनार आणि नंदीही त्यातच ओढले जातात.) फिल्मवर उजेड लेन्समधूनच आणावा लागतो, मेन्यूतून नाही.

मग उन्हं वर येऊ द्यावीत? येऊ द्या. दहा-साडेदहाला उजेड इतका असतो की कुठलीही लेन्स चालेल. पण तोवर माळ तापायला लागतो आणि जमिनीलगतची हवा थरथरते. लांबच्या लेन्समधून बघाल तर चिंकाऱ्याचे पाय पाण्यात उभे असल्यासारखे हलताना दिसतात. मृगजळ हा शब्द कुणी काढला असेल त्याला दंडवत. त्या हवेतून काढलेला फोटो जगातली सगळ्यात महाग लेन्सही धारदार करू शकत नाही. म्हणजे हवा स्वच्छ असते तेव्हा उजेड कमी, उजेड भरपूर असतो तेव्हा हवा खराब. मधे तास-दीड तासाची फट. त्या फटीत जी लेन्स चालते ती आपली.

अजून एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. एफएम१० सारख्या कॅमेऱ्यात फोकस बघायला मधोमध दोन अर्धी गोलं असतात, ती जुळली की फोकस बरोबर. लेन्स एफ/५.६ किंवा त्याहून मंद असली की त्यातलं अर्धं गोल काळं पडतं. एफ/३.५-४ ला ते नीट दिसतं. मग मंद लेन्स लावून फोकस कुठल्या आधारावर करणार? अंदाजाने. माझ्या तीस डागांपैकी निम्मे हात हलल्याचे होते आणि निम्मे या अंदाजाचे.

ट्रायपॉड लावा, असं कुणी म्हणेल. जरूर लावा. गाडीच्या खिडकीवर तांदळाची छोटी पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवलीत तरी काम होतं. पण त्याने आपला हात थांबतो, चिंकारा नाही. आणि काळं पडलेलं गोलही उजळत नाही.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसलो.

२००४ च्या त्या सकाळी चिंकारा लांब होते. व्ह्यूफाइंडरमध्ये हरभऱ्याएवढे. मी म्हणालो, "लेन्स पोचत नाहीये यार." एवढंच म्हणालो. गाडी चालवणाऱ्या मित्राने स्टिअरिंग वळवलं आणि गाडी रस्ता सोडून गवतात घातली. मी "नको" म्हणालो नाही. खिडकीतून कॅमेरा बाहेर काढून तयार राहिलो. चिंकारा पळाले, आम्ही मागे गेलो, ते थांबले, आम्ही जवळ गेलो, ते पुन्हा पळाले. असं तीनदा. त्यात एक पाडस होतं, ते दर वेळी मागे पडत होतं. शेवटी गावातला एक मेंढपाळ काठी उगारून आडवा आला आणि त्याने आम्हाला जे सुनावलं ते इथे छापण्यासारखं नाही. सगळं खरं होतं.

धाविक, पखुर्डी हे पक्षी माळावर उघड्या जमिनीवर अंडी घालतात. घरटं म्हणावं असं काही नसतंच, खडे आणि अंडी यांत फरक कळत नाही. आमच्या चाकांखाली काय गेलं ते मला माहीत नाही, आणि ते कधीच कळणार नाही. चिंकारा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच पंगतीत. वाघामागे अशी गाडी घालायची आमची छाती झाली असती का?

गुन्हा आमचा होता, लेन्सचा नाही. पण तो आकड्याचा हव्यास आमच्याबरोबर गाडीत बसलेला होता. "फ्रेम भरली पाहिजे" हे एकदा डोक्यात बसलं की दोनशेवाला तीनशे मागतो, तीनशेवाला सहाशे, आणि ज्याला परवडत नाही तो ॲक्सिलरेटर दाबतो. म्हणून मी म्हणतो की कमी पैशांत लेन्स घेणाऱ्याने आधी एक गोष्ट ठरवावी, चिंकारा छोटाच येणार. तो मसुराएवढा चिंकारा, त्याच्या भोवतीचं गवत, मागची बाभळ, सकाळचा तिरपा उजेड, हा फोटो आहे. आणि तो धारदार आला पाहिजे. हे मान्य केलंत की लेन्स निवडणं सोपं होतं.

तर पोराला मी काय सांगितलं?

एक. ७०-२१० च्या आसपासची जुनी मॅन्युअल झूम बघ, जिचं छिद्र लांबच्या टोकालाही एफ/३.५ ते ४ राहतं. व्हिव्हिटार सीरीज १ ची ७०-२१० एफ/३.५, टॅमरॉनची एसपी ७०-२१० एफ/३.५, किंवा त्यांचीच साधी ८०-२१० एफ/३.८-४. वजन होईल, पण हात त्याने स्थिरच राहतो. निकॉनची स्वतःची जुनी ८०-२०० एफ/४ याच भावात मिळाली तर ती घे. आडनाव चांगलं असणं हाही काही गुन्हा नाही :)

दोन. झूमच घे. मोरगावला गल्लीतून मिनार घ्यायला ७० लागतील आणि तासाभरात माळावर २००. दोन लेन्स नेऊन माळावरच्या वाऱ्यात बदलत बसलास, तर धुळीचा एक कण आत जाऊन आख्ख्या रोलवर रेघ ओढू शकतो.

तीन. खोक्यावरची अक्षरं वाच. सिग्माच्या लेन्सवर डीसी आणि टॅमरॉनवर डीआय-टू लिहिलं असेल तर ती छोट्या डिजिटल सेन्सरसाठी आहे, फिल्मवर कोपरे काळे येतील. डीजी किंवा नुसतं डीआय असेल तर चालेल. निकॉनच्या नव्या जी लेन्सना छिद्राची रिंगच नसते, त्या एफएम१० ला लागतात पण छिद्र आपल्या हातात राहत नाही. म्हणजे इथे "ओरिजिनल"च निरुपयोगी! आणि १९७७ च्या आधीच्या, एआय नसलेल्या लेन्स या कॅमेऱ्यावर जोराने बसवू नकोस, कॅमेरा दुखावेल.

चार. थर्ड पार्टीची खोटही सांगतो, नाहीतर मीही वकीलच ठरेन. ऑटोफोकस कॅमेऱ्यांची भाषा या कंपन्यांनी उलटी उकलून शिकलेली असते. म्हणून कित्येक जुन्या सिग्मा लेन्स नंतरच्या कॅनन ईओएसवर एरर देतात. एपीआयचं डॉक्युमेंटेशन नसताना इंटिग्रेशन करणाऱ्यांना हे दुःख कळेल. पूर्ण मॅन्युअल लेन्समध्ये ही भानगड नाही.

पाच. जुनी लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागून मारून बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, सोडून दे. छिद्राची पाती कोरडी हवीत, तेलकट नकोत. लेन्स आकाशाकडे धर, झूम आपोआप घरंगळत असेल तर भाव पाड.

माझी आत्ताची लेन्स मी २०११ साली एका निवृत्त लग्नफोटोग्राफरकडून साडेतीन हजारांना घेतली. पुढच्या रिंगला पोचा आहे, सीरियल नंबर २२ ने सुरू होतो. आज एक रोल, धुलाई आणि स्कॅन धरून हजाराच्या पुढे जातो, म्हणजे एका फ्रेमला तीसेक रुपये. त्यामुळे मी आता छत्तीस फ्रेम उडवत नाही. सहा-सात काढतो. गाडी रस्त्यावर, इंजिन बंद, पिशवीवर लेन्स.

निकॉनने आपला शेवटचा मोठा फिल्म कॅमेरा, एफ६, २०२० साली बंद केला. तरी कपाटातून असे एफएम१० निघत राहतील, आणि त्यांच्याबरोबर "ओरिजिनल घे" म्हणणारेही निघत राहतील. त्यांचं ऐकू नका. आणि "तीनशे घे" म्हणणाऱ्यांचं तर अजिबात ऐकू नका.

पोरगा सोमवारी लेन्स बघायला जाणार आहे. मी त्याला टॉर्च न्यायला सांगितलंय. आणि माळावर गाडी कुठे थांबवायची तेही.

रोल धुऊन आला की बघू. तूर्तास इतकंच.